शिरखुर्म्याचा सिद्धांत

बिरनाळे सर मैदानावर आले आणि त्यांनी शिट्टी वाजवली नाही, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे आम्हाला कळलं. एरवी फाटकापासूनच त्यांची शिट्टी सुरू व्हायची आणि माणूस मागाहून दिसायचा.

"बसा," ते म्हणाले.

आम्ही बसलो. एकीचं तोंड पूर्वेला, दुसरीचं पश्चिमेला, तिसरीचं परत पूर्वेला. खो-खोच्या पोरींना नुसतं ‘बसा’ म्हटलं की त्या लग्नाच्या पंगतीतसुद्धा तशाच बसतील.

"अशा न्हवं, माझ्याकडं तोंड करा. प्राचार्य काय म्हणालेत ते ऐका. चाचणीत अर्थशास्त्रात तुम्ही आठजणी आपटलाय. आता सहामाहीत आठच्या आठ पास झाला, तरच टीम विभागीय स्पर्धेला जाणार. एक जरी ऱ्हायली, तरी गाडी निघणार न्हाई."

आमचं तालुक्याच्या गावचं कॉलेज. इमारत बेताची, ग्रंथालय त्याहून बेताचं, पण मुलींची खो-खोची टीम म्हटली की आसपासची कॉलेजं टरकून असायची. त्या वर्षी तर सरांनी गावोगावच्या शाळांतून आम्हा आठजणींना वेचून आणलं होतं. आम्ही सगळ्या पहिल्या वर्षाच्या, आणि आमची कप्तान उज्ज्वला खोत दुसऱ्या वर्षाची. खो-खोत आठजणी रांगेत बसतात आणि नववी पाठलाग करते. त्या नऊजणी म्हणजे आम्ही. विभागीय ढाल कॉलेजात कधीच आली नव्हती आणि ती आणायची म्हणून आम्ही श्रावणाच्या चिखलातही पळत होतो.

आणि आता त्या ढालीच्या वाटेत मी उभी होते. आठजणींत सगळ्यात कमी मार्क माझे होते. किती, ते इतक्या वर्षांनीही सांगणार नाही.

अभ्यासाची मला ॲलर्जी होती असं नाही. मी पुस्तक घ्यायचे, आडवी व्हायचे, पुस्तक छातीवर ठेवायचे आणि दुसऱ्या परिच्छेदात माझी समाधी लागायची. आई म्हणायची, "वैजू अभ्यासाला बसलीया, तिला उशी द्या कुणीतरी." बाकीच्या सातजणींची कथा फार वेगळी नव्हती. परीक्षेच्या आदल्या दिवशी गाईड उघडायचं आणि देवाचं नाव घ्यायचं, ही आमची सगळ्यांची पद्धत.

उज्ज्वला मात्र हार मानणाऱ्यांतली नव्हती. बारीक चणीची, बोलायला कमी, पण एकदा पळायला लागली की समोरच्या टीमला घाम फुटायचा. दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर ती म्हणाली, "कुणी जायाचं न्हाई. बसा जाग्यावर."

"आता काय?" शाहीन मुलाणीनं विचारलं. शाहीन आमच्यातली बोलकी. ती गप्प बसलेली फक्त रांगेत दिसायची.

"आता अर्थशास्त्र."

उज्ज्वलाची युक्ती अशी होती. आपल्याला पुस्तकापुढे बसता येत नाही, पण मैदानावर तासन्‌तास बसता येतं. मग अभ्यासच मैदानावर आणायचा. धडा आठ तुकड्यांत वाटायचा. ती पहिलीला खो देणार आणि खेळात असतं तसं तिच्या जागेवर बसणार. पहिली उठणार, आपला तुकडा घडाघडा म्हणणार आणि दुसरीला खो देणार. अडखळली की फाऊल, आणि फाऊल झाला की मैदानाला एक फेरी.

पहिला धडा होता घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत. नाव ऐकूनच छबू आडमुठेनं कपाळाला हात लावला. ती पहिल्या जागेवर बसायची, म्हणून व्याख्या तिच्या वाट्याला आली. उदाहरण शाहीनकडे गेलं. मी शेवटच्या खांबाजवळची, म्हणून शेवटचा तुकडा माझा, सिद्धांताचे अपवाद.

"गाईडात सफरचंदाचं उदाहरण हाय," शाहीन म्हणाली. "सफरचंद आमच्या घरात आजारी माणसालाच मिळतं. मी न्हाई सांगणार ते."

"मग दुसरं काढ," उज्ज्वला म्हणाली.

ते दुसरं उदाहरण आम्हाला आठवड्याभरातच मिळालं. त्या वर्षी ईद श्रावणात आली होती आणि शाहीननं सगळ्या टीमला घरी बोलावलं. तिच्या अम्मीनं शिरखुर्म्याची पहिली वाटी दिली, तेव्हा आम्ही वाटीचा तळ बोटानं पुसून घेतला. दुसरी आवडीनं खाल्ली. तिसरी वाढली तेव्हा छबूनं पदर नसताना कमरेला खोचलेला पदर सैल करायचा अभिनय केला. मग शाहीनची चाची शेजारच्या घरातून आली आणि आम्हाला ओढून आपल्याकडे घेऊन गेली. तिथेही शिरखुर्माच. चौथ्या वाटीला मी दाराकडे बघायला लागले आणि पाचव्या वाटीला आम्हा सगळ्यांना दार दिसेनासं झालं.

"हे बघा," शाहीन ओरडली, "हेच ते. वाटीगणिक गोडी कमी. घटती सीमांत उपयोगिता."

तेव्हापासून तेच उदाहरण ठरलं. मैदानावर ती उठायची आणि ठसक्यात म्हणायची, "समजा, ईदच्या दिवशी आपण शाहीनच्या घरी गेलो." पुढचं आम्हाला सगळ्यांना पोटातून पाठ होतं.

साखळी अशी जुळली की बघत राहावं. छबूची व्याख्या संपते न संपते तोच पुढची उठायची. धडा या खांबापासून त्या खांबापर्यंत अडखळल्याशिवाय पळत जायचा. शेवटी मी उठायचे, "वरीलप्रमाणे सिद्धांत असला तरी त्यास पुढील अपवाद आहेत," असं म्हणून दारुडा, कंजूष आणि पोस्टाची तिकिटं गोळा करणारा छांदिष्ट यांची नावं घ्यायचे आणि खांबाला वळसा घालून परत यायचे. बिरनाळे सर कॉलेजभर सांगत सुटले, "माझ्या पोरी अर्थशास्त्र पळवतात."

सप्टेंबरात देशिंगकर मॅडमनी वर्गात छोटी परीक्षा घेतली. त्या आम्हाला अर्थशास्त्र शिकवायच्या. चष्म्याच्या वरून बघायच्या आणि चिडल्या की आवाज आणखी हळू करायच्या. प्रश्न एकच होता, घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत स्पष्ट करा. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो, म्हणजे बघा.

चार दिवसांनी त्यांनी आम्हा नऊजणींना बोलावलं. टेबलावर आठ पेपर त्यांनी पत्ते मांडावेत तसे मांडले होते.

"छबू," त्या अगदी हळू म्हणाल्या, "व्याख्या सुंदर. पुढे पान कोरं. शाहीन, व्याख्या नाही, गृहीतकं नाहीत, एकदम ‘ईदच्या दिवशी आपण शाहीनच्या घरी गेलो’. आणि वैजू, तुझा पेपर सुरू होतो, ‘वरीलप्रमाणे सिद्धांत असला तरी’. वर काय आहे, वैजू? वर फक्त तुझं नाव आणि रोल नंबर आहे."

शाहीनला हसू फुटलं आणि तिनं ते तोंडावर हात ठेवून गिळलं.

"हे आठ पेपर एकाला एक शिवले," मॅडम म्हणाल्या, "तर वर्गात पहिला नंबर येईल. पण परीक्षेत प्रत्येकीला एकेकटं बसवतात गं. तिथं मागून खो कोण देणार?"

झालं होतं ते इतकं सोपं होतं. परीक्षेत मी प्रश्न वाचला होता आणि चक्क वाट बघत बसले होते. माझ्या आधीच्या सात तुकड्यांतलं एकही वाक्य मला येत नव्हतं. मला फक्त माझी जागा येत होती.

उज्ज्वला मैदानावर जाऊन खांबाला टेकून बसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते कुणी बघितलेलं तिला चाललं नसतं, म्हणून आम्ही लांबच बसलो.

"माजंच चुकलं," ती म्हणाली. "सहामाही तोंडावर आलीया. आता सरास्नी सांगूया, दुसऱ्या पोरी बघा म्हणून."

"आणि ढाल?" छबूनं विचारलं.

संध्याकाळी सराव मात्र झाला. बिरनाळे सरांना अर्थशास्त्र कळत नव्हतं, पण पोरी रडायच्या बेतात असल्या की त्यांना पळवावं, एवढं पक्कं कळत होतं. माझं लक्ष कुठे होतं कुणास ठाऊक. पाठीत खो बसला, मी उठले आणि भलत्याच बाजूला निघाले. पळणारी मुलगी माझ्या पाठीमागून हसत गेली.

"वैजू," सर ओरडले, "खो देणारीकडं काय बघत बसतीस? तिला काय शिंगं आल्यात? पळणारीकडं बघ. खो कवा यील ते कुणाच्या हातात न्हाई. पण आला तर पळणारी कुठं हाय, ते तुला आधीच ठावं पायजे. बसलेली हाय म्हंजे खेळत न्हाई असं असतंय व्हय?"

मी उभी होते तिथेच थांबले.

"आता हुबी का? पळ की."

"सर," मी म्हणाले, "आम्ही अभ्यास असाच केला. आपली पाळी कधी येतीया तेवढंच बघत बसलो. धडा कुठं पळतोय ते बघितलंच न्हाई."

सरांना काही कळलं नाही. पण उज्ज्वला पलीकडच्या खांबाजवळून चालत आली. माझ्याकडे बघून ती म्हणाली, "परत म्हण."

मी परत म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा अभ्यासाबद्दल माझं वाक्य कुणीतरी दोनदा ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून उज्ज्वलानं तुकडे मोडले. आता जागा रोज बदलायच्या. खो कुणालाही मिळणार, आणि उठलेलीला सुरुवात म्हटलं तर सुरुवात, मध्य म्हटलं तर मध्य. कधी सगळा धडा एकटीनं. दुसरी बोलत असताना जी ढगांकडे बघेल, तिलाच पुढचा खो. पहिल्या आठवड्यात आम्ही इतक्या फेऱ्या मारल्या की बिरनाळे सर खूश झाले. म्हणाले, "अभ्यासानं दम वाढला तुमचा."

पण खरी पंचाईत घरी होती. सगळा धडा यायला हवा म्हणजे तो आधी वाचायला हवा, आणि वाचायला घेतला की माझी समाधी. शेवटी एक दिवस मी पुस्तक घेऊन आडवी झाले नाही. स्वयंपाकघरात, आई भाकरी थापत होती तिथे, रांगेत बसावं तशी बसले. एक पाय दुमडलेला, एक टाच उचललेली, दोन्ही हात जमिनीला. पुस्तक पुढ्यात.

"हे काय गं?" आईनं विचारलं. "पळून जातीयास का काय?"

"अभ्यास करतीया."

"अशी?"

अशा बैठकीत झोप येत नाही. पोटऱ्या भरून येतात, पण झोप येत नाही. एक पान वाचायचं, पुस्तक मिटायचं, उठून उभं राहायचं आणि आईला सांगायचं. आई शाळेत चौथीपर्यंत गेलेली. तिला कळलं नाही तर ती भाकरी उलटायची थांबायची, आणि ती थांबली की मी परत खाली बसून तेच पान काढायचे. एकदा मी सिद्धांत सांगितला आणि तिचा हात थांबलाच नाही. भाकरी तव्यावर टाकत ती म्हणाली, "म्हंजे पाहुण्याला तिसऱ्यांदा आग्रह करू नये." त्या दिवशी मला कळलं की हे मला येतंय. येतंय म्हणजे काय, ते मला त्याआधी ठाऊकच नव्हतं.

दिवाळीआधी सहामाही झाली. मी पेपर लिहिला आणि ‘वरीलप्रमाणे’ हा शब्द लिहायच्या आधी वर पाहिलं. वर चार पानं होती. बाहेर आल्यावर मी कुणाशी बोलले नाही, इतका मला स्वतःचा अभिमान वाटत होता.

सुट्टीनंतर कॉलेज उघडलं आणि पहिल्याच सकाळी शिपाई वर्गात आला. प्राचार्यांनी टीमला बोलावलं होतं.

प्राचार्य रास्ते सर शिस्तीचे आणि टापटिपीचे. पांढरा शर्ट, पांढरी पँट, दोन्हींना कडक इस्त्री. आमच्या लाल मातीच्या गावात ते पांढरे कपडे संध्याकाळपर्यंत पांढरे कसे राहतात, याचं सगळ्यांना कोडं होतं. ते कोणत्याही खुर्चीवर बसायच्या आधी रुमालानं ती पुसत, एवढं आम्हाला माहीत होतं. त्यांच्या टेबलावर आमचे पेपर होते. बाजूला देशिंगकर मॅडम आणि बिरनाळे सर उभे होते.

"मॅडमनी तुम्हा आठही जणींना पास केलंय," रास्ते सर म्हणाले. "मी पेपर मागवून घेतले. चाचणीत ज्यांना भोपळे मिळाले त्या एकदम पास कशा, हे मला बघायचं होतं. आणि मला काय दिसलं? आठ पेपर, आणि आठही पेपरांत शाहीनच्या घरचा शिरखुर्मा. पाच वाट्या. चौथ्या वाटीला दाराकडे बघणं. याला मी कॉपी म्हणतो. तुम्ही काय म्हणता?"

"सर, आम्ही खरंच गेलो होतो," शाहीन म्हणाली.

"सगळ्या?"

"सगळ्या. अम्मीला विचारा."

"मी अम्मीला विचारणार नाही. कॉपी म्हणजे नापास. आणि नापास म्हणजे स्पर्धा नाही."

मॅडम काही बोलणार होत्या. पण त्याआधी उज्ज्वला पुढे झाली. ती कधी कुणापुढे बोलायची नाही, म्हणून आम्ही सगळ्याच चपापलो.

"सर, आठजणींनी एकत्र अभ्यास केला की उदाहरण एकच येणार. ते यांच्या पोटात गेलंय, सर. तुम्ही मैदानावर चला. कुणालाही उठवा, कायबी विचारा. एक जरी अडली तर टीमचं नाव काढणार न्हाई."

माणूस कडक होता, पण न ऐकता निकाल देणारा नव्हता. रास्ते सर उठले.

मैदानावर ऊन चढलं होतं. आम्ही रांगेत बसलो, एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे. उज्ज्वलानं मला शेवटच्या खांबाजवळच बसवलं, माझ्या जुन्या जागेवर. वर्गांच्या खिडक्यांत पोरंपोरी जमली.

"पाठीमागनं जायचं सर, आणि पायजे तिला खो म्हणायचं," उज्ज्वलानं सांगितलं. "ती उठून उत्तर देईल."

रास्ते सर रांगेच्या मागून चालू लागले. मी समोर बघत होते, पण त्यांच्या बुटांचा आवाज मला ऐकू येत होता. छबूच्या मागून ते गेले. शाहीनच्या मागे थांबले, पुन्हा निघाले. माझ्या मागे आले आणि आवाज थांबला. चाचणीतले माझे मार्क त्यांच्या लक्षात होते, हे उघड होतं.

"खो," ते म्हणाले. हजेरी घ्यावी तसं.

मी उठले. आणि उज्ज्वलाचा आवाज आला, शांत, नेहमीचा. "सर, खो दिला की तिच्या जागेवर बसायचं असतं."

बिरनाळे सरांनी डोळे मिटून घेतले. रास्ते सरांनी उज्ज्वलाकडे पाहिलं, मग माझ्या जागेकडे, मग आपल्या पँटकडे. खिशातून रुमाल काढला. लाल मातीकडे पाहिलं. मातीला काय पुसणार? त्यांनी रुमाल परत खिशात ठेवला, गुडघ्यावर हात टेकला आणि ते माझ्या जागेवर बसले.

"सांग," ते खालून म्हणाले. "सुरुवातीपासून."

मी सांगितलं. व्याख्या, गृहीतकं, कोष्टकातले आकडे, आकृतीतली रेषा खाली का उतरते ते. शिरखुर्मा मुद्दाम टाळला. आईच्या भाकरीचं उदाहरण दिलं, पहिल्या भाकरीला भुकेला माणूस काय देईल आणि पाचवीला काय. कुठेच अडखळले नाही. बोलताना मला जाणवलं की रांगेतल्या सातही जणी धड्याकडेच बघताहेत. मी अडले असते तर त्यांतली कुणीही तिथूनच पुढे गेली असती.

"ठीक," रास्ते सर म्हणाले. "आता पुस्तकात नाही ते सांग. तुम्ही एका डावात समोरच्या मुली बाद करता. पहिली बाद झाली की आनंद होतो. सिद्धांताप्रमाणे शेवटची बाद झाली की आनंद कमी व्हायला हवा. होतो का?"

बिरनाळे सर पुटपुटले, "आयला."

"न्हाई सर," मी म्हणाले. "शेवटचीला सगळ्यात जास्त होतो."

"मग सिद्धांत खोटा?"

"खोटा न्हाई. हा अपवाद. तिकिटं गोळा करणाऱ्या माणसागत. एकच गोष्ट परत परत मिळाली तर तिची किंमत उतरते. पण संच पुरा करायचा असला, तर शेवटच्या तिकिटाला सगळ्यात जास्त किंमत येते, कारण त्याच्याशिवाय आधीच्यांना किंमतच न्हाई." मला धाप लागली होती आणि ती पळण्याची नव्हती. "आमचं तसंच हाय सर. तुम्ही म्हणालात आठच्या आठ पास झाल्या तरच टीम जाणार. सातजणी पास झाल्या तरी त्याला आठवी पास होईपर्यंत किंमत न्हाई. ती आठवी मी."

रास्ते सर तसेच मातीत बसून वर माझ्याकडे बघत होते.

"सर, दुसरीला विचारायचं असंल तर मी खो देते," मी म्हणाले.

"नको," ते म्हणाले. मग मॅडमकडे वळून विचारलं, "हिला किती दिलेत?"

"पासाच्या वर चार."

"कमी दिलेत. बिरनाळे, गाडीचं ठरवून टाका. आणि आधी मला हात द्या, माझा पाय आखडला."

खिडक्यांतून जो दंगा उठला तो मी अजून विसरलेले नाही. शाहीननं मला उचलायचा प्रयत्न केला आणि आम्ही दोघी पडलो. उज्ज्वला लांब खांबाला टेकून उभी होती आणि ह्या वेळी रडताना तिनं तोंड लपवलं नाही.

ढाल आम्ही आणली. ती अजून कॉलेजच्या काचेच्या कपाटात आहे, कुणीही जाऊन बघावी. पुढे मी एम.ए. झाले, तेही अर्थशास्त्रातच. आजही समोर कुणी बोलत असलं की पुढचा खो मलाच मिळणार असं समजून मी ऐकते. ही सवय त्या मैदानानं लावली आणि तिचा मला त्या ढालीपेक्षा काकणभर जास्तच अभिमान आहे.

पण सरांनी खो दिला त्या दिवसाचं एवढंच सांगायचं राहिलं. दुपारी कॉलेजात पालकांची सभा होती. आईही आली होती. रास्ते सर व्यासपीठावर चढले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या पँटवर मागच्या बाजूला लाल मातीचा हा एवढा डाग होता. हेडक्लार्कनं धावत जाऊन त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि रुमाल पुढे केला.

सरांनी रुमाल घेतला नाही. माइक सुरू होता, म्हणून सगळ्या सभेला ऐकू गेलं.

"असू दे," ते म्हणाले. "आज मी आठव्या मुलीच्या जागेवर बसलो होतो."